दार उघडल्याचं कारण

थंडी तयार करता येत नाही. फौजेत पहिल्याच दिवशी उस्तादानं हे डोक्यात घातलं आणि त्यावर मी सतरा वर्षं पगार खाल्ला. यंत्र थंडी बनवत नाही; आतली उष्णता उचलतं आणि बाहेर नेऊन टाकतं, बस्स. ज्याला एवढं कळलं त्याला कोल्ड स्टोरेज कळलं. बाहेर म्हणजे नेमकं कुठं, हे मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

मी सयाजी. मूळचा सातारा जिल्ह्यातला, कोरेगावकडचा. नाईक म्हणून पलटणीतून सुटलो तो सरळ सांगलीला आलो. तासगाव रस्त्यावर लालासाहेबांनी नवं कोल्ड स्टोरेज बांधलं होतं आणि त्यांना अमोनियाच्या मशीनला न घाबरणारा माणूस हवा होता. लालासाहेब मोठे बागायतदार. ऊस होता, द्राक्षं होती, आणि त्या काळात द्राक्षं परदेशी पाठवायचं वेड सगळ्या भागाला लागलं होतं. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं सगळं त्याच्यावर ढकलून कुणी मोकळं व्हायला नको. मीसुद्धा.

आमच्याकडची पद्धत अशी होती. बागेतून टेम्पो आला की बाया पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये ओळीनं बसून कात्रीनं खराब मणी काढायच्या आणि चांगले घड प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरायच्या. भरलेल्या क्रेटवर ओलं फडकं टाकायचं, म्हणजे झळेनं देठ वाळत नाहीत. देठ हिरवा नसला तर परदेशी गिऱ्हाईक मालाकडं बघतसुद्धा नाही. मग क्रेट ट्रॉलीवर एकावर एक रचायचे आणि आमचा हमाल ज्ञानू ती ट्रॉली ढकलत गार खोलीत न्यायचा. सगळ्या ट्रॉल्या आत गेल्या की दार बंद, ते सहा तास उघडायचं नाही. ही शिस्त मी लावली होती. दारावर तांबड्या रंगानं मीच लिहिलं होतं, ‘परवानगीशिवाय दार उघडू नये.’ परवानगी अर्थात माझी.

दाराशेजारी भिंतीवर एक गोल कागद हळूहळू फिरत असायचा आणि शाईची सुई त्यावर खोलीतल्या तापमानाची रेघ काढत जायची. सकाळी आठला मी कागद बदलायचो. ट्रॉल्या आत जाताना रेघ चढते आणि मग सावकाश उतरत जाते. उतरताना मध्येच पुन्हा उचलली, तर कागदाच्या मागं कारण लिहावं लागतं, नाहीतर माल तपासायला येणारा माणूस शंभर प्रश्न विचारतो. तीन वर्षांत माझ्या कागदांवर असा एकही उंचवटा नव्हता. ह्याचा मला फार अभिमान होता. नातेवाइकांना लग्नात धरून धरून सांगायचो.

शहाण्णव सालचा मार्च संपत आला होता. शेडमधल्या बाया जत-आटपाडीकडच्या. तिकडं पाऊस नाही, ज्वारी निघाली की हाताला काम नाही, प्यायला टँकरचं पाणी. म्हणून हंगामाला त्या पोराबाळांसकट यायच्या आणि आमच्या इमारतीच्या मागं पत्र्याच्या खोपटांत राहायच्या. त्यांतली एक नीलिमा, जत तालुक्यातली, वीस-एकवीस वर्षांची. नवरा सोपान पुण्याला बांधकामावर. बरोबर सासू लक्ष्मीबाई आणि पाच महिन्यांची मुलगी. मुलीला पिंकी म्हणायचे, पण ते हाक मारण्यापुरतं. खरं नाव चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, गावच्या विहारात ठेवायचं होतं. लक्ष्मीबाईनं नाव ठरवलं होतं आणि ती ते कुणाला सांगत नव्हती, सुनेलासुद्धा. बाया तिची थट्टा करायच्या, नावं सुचवून सुचवून तिला खोदायच्या, पण म्हातारी हसून तोंड मिटून घ्यायची.

ऊन त्या वर्षी लवकर पेटलं. दुपारी शेडच्या खांबाला हात लावला तर चटका बसायचा. पिंकीच्या अंगभर घामोळं उठलं होतं आणि ती दिवसभर किरकिर करायची. एके दिवशी नीलिमा माझ्याकडं आली. गार खोलीच्या आधी एक छोटी खोली आहे, दार उघडलं तरी आतला गारवा एकदम निघून जाऊ नये म्हणून बांधलेली. तिथं मी स्टूल टाकून बसायचो.

“नाना, पोरीला हितं वाईच निजवू का? तुमच्या स्टुलाच्या बाजूला. कुनाच्या पायात येनार न्हाई.”

“ही काय धर्मशाळा हाय व्हय?” मी म्हणालो. “घटकंघटकंला दार उघडाय लागलीस तर आतल्या मालाचं काय करायचं?”

ती तशीच निघून गेली. शिस्त राखली म्हणून मला बरंच वाटलं.

जतकडच्या बाईला ओल्या पोत्याचं शास्त्र शिकवावं लागत नाही. पाण्याची घागर असो की दुधाचं भांडं, भोवती ओलं गुंडाळून गार ठेवायची तिला लहानपणापासून सवय. नीलिमानं एक रिकामा क्रेट घेतला, त्यात जुन्या लुगड्याची घडी घातली, पोरीला ठेवलं आणि वर ओलं फडकं अर्धं पसरलं. पोर शांत झाली. जमिनीवर मुंग्यांची रांग असायची, म्हणून तो क्रेट ती भिंतीच्या सावलीत भरलेल्या क्रेटांच्या थप्पीवर ठेवायची. चार-पाच दिवस हे सगळे बघत होते. मीही बघत होतो, आणि मनात म्हणत होतो, पोरगी हुशार आहे. थप्पीखाली ट्रॉली असते आणि ती कधीही हलते, हे मला आणि ज्ञानूला सोडून कुणाच्या ध्यानात येणार होतं?

त्या गुरुवारी वीज एक वाजता जाणार होती. त्याआधी खोली भरून गार करायची म्हणून माझी घाई चालली होती. मी ज्ञानूवर ओरडत होतो, ज्ञानू बायांवर. नीलिमा फडकी भिजवायला टाकीवर गेली होती. जाताना गांधीलमाश्या घोंगावतात म्हणून तिनं पोरीवरचं फडकं पूर्ण ओढून घेतलं होतं. ज्ञानू आला. वर ओलं फडकं, खाली ओलं फडकं, सगळे क्रेट सारखे. त्यानं ट्रॉली ढकलली. दार मी लावलं, अडसर मी टाकला. पंखे सुरू केले तेही मीच.

नीलिमा आली ती धावतच. “नाना, दार उघडा. माजी पोर आत गेलीया.”

मला आधी कळलंच नाही. “कसली पोर? आत द्राक्षं हायत.”

“थप्पी न्हाई तिथं. पोर थप्पीवर हुती.”

आता खरं सांगतो. लाज वाटते, तरी सांगतो. मी पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं नाही, सुईकडं बघितलं. सुई चौदावर होती आणि छान उतरत होती. मी म्हणालो, “नीट बघ जा. कुना बाईनं उचलून घेतली आसंल. ज्ञानू, शेडमधी बघून ये रं.” ज्ञानू गेला. तेवढ्यात आवाज ऐकून लालासाहेब ऑफिसातून आले. ते म्हणाले, “आदी भाईर सगळीकडं बघा. माल सांजच्याला गाडीत चढायचाय.” आम्ही बाहेर बघत राहिलो. शेड, टाकी, झाडाखाली. लक्ष्मीबाई छाती बडवत ह्या टोकाची त्या टोकाला जात होती. कुणीतरी कुत्र्याचं नाव काढलं.

नीलिमा कुठंही गेली नाही. दाराला दोन्ही हात लावून उभी होती. ती म्हणाली, “नाना, माजं फडकं बी न्हाई. कुनी पोर उचलली आसती तर फडकं टाकलं आसतं की.”

तेव्हा मी अडसर काढला.

आत पंख्यांचा असा आवाज असतो की माणूस बोंबलला तरी शेजारच्याला ऐकू येत नाही. तिसऱ्या ट्रॉलीवर, सगळ्यांत वर, ती होती. ओठ निळे पडले होते. मुठी घट्ट. फडकं अंगाला चिकटलेलं. रडत नव्हती. मी फौजेत बर्फातली माणसं उचलली आहेत, पण माझे हात तिला उचलायला धजेनात. नीलिमानं ओढून घेतली, चोळीत घातली, छातीशी दाबली आणि तिथंच भिंतीला पाठ लावून बसली. लालासाहेबांनी स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं काढून दोघींवर टाकलं. ज्ञानू जमिनीवर फतकल घालून लहान पोरासारखा रडत होता.

मग पिंकीनं टाहो फोडला. इतका मोठा आवाज त्या इमारतीत मी कधी ऐकला नाही. सगळ्या बाया एकदम रडायला लागल्या, आणि लालासाहेबांनी देवाला हात जोडले. खोलीचं दार मागं सताड उघडंच होतं.

कागदावरून नंतर मी हिशेब काढला. दार लावल्यापासून उघडेपर्यंत पस्तीस मिनिटं. त्यातली नऊ मिनिटं नीलिमा दारात उभी राहिल्यानंतरची. ती नऊ मिनिटं माझी आहेत.

सगळे हादरले होते, आणि हादरलेली माणसं लगेच नियम करतात. लालासाहेबांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, “उद्यापास्नं शेडमधी एक बी लेकरू दिसता कामा न्हाई. उद्या काय बरंवाईट झालं तर पोलीस, पेपर, समदं दारात येईल.” कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. बायांनीही माना डोलावल्या. मी रंगाचा डबा काढला आणि शेडच्या खांबावर लिहिलं, ‘लहान मुलांना आत आणू नये.’ अक्षर चांगलं आलं म्हणून दोनदा मागं सरकून बघितलंसुद्धा.

शुक्रवारपासून लक्ष्मीबाईनं काम सोडलं आणि ती नातीला घेऊन खोपटात बसायला लागली. नीलिमा एकटी कामावर. दुपारच्या सुट्टीत ती पाजायला धावत जायची. लालासाहेब मालाच्या कामासाठी मुंबईला गेले होते.

रविवारी माल दुप्पट आला. बाहेर पारा एक्केचाळीसवर होता. मी दोन्ही मशीन पूर्ण ताकदीनं चालवल्या, सगळे पंखे लावले. गुरुवारच्या उंचवट्यानं माझं नाक कापलं होतं, आता पुन्हा रेघ हलू द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. साडेबारापर्यंत सुई सरळ खाली आली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्यावर ती पोर आठवली. मी फौजेतली बाटली गार खोलीतल्या पाण्यानं भरली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मागच्या बाजूला खोपटांकडं निघालो.

तीन वर्षांत त्या भिंतीमागं मी कधी गेलो नव्हतो. मशीनचा माणूस मशीनच्या खोलीत असतो. कोपऱ्यावरून वळलो आणि अंगावर वारा आला. उन्हाची झळ वेगळी. तिला दम असतो, ती येते आणि जाते. हा वारा थांबतच नव्हता. चुलीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं झालं. वर बघितलं तर भिंतीत माझे चार पंखे, पूर्ण वेगात. आतली सगळी उष्णता ते बाहेर फेकत होते, आणि बाहेर म्हणजे सहा हातांवर खोपटांची ओळ होती. पहिलंच खोपट लक्ष्मीबाईचं.

दाराला तिनं ओलं पोतं टांगलं होतं. ते खडखडीत वाळून पत्र्यावर आपटत होतं. आत म्हातारी पाय पसरून बसली होती, डोळे तारवटलेले, पोर मांडीवर. मला बघून तिनं ओठावर बोट ठेवलं.

“हळू. सकाळपास्नं लय किरकिरत हुती. आत्ता कुटं निवांत निजलीया.”

मी वाकून हात लावला. घाम नव्हता. एकदम कोरडं अंग, आणि इतकं तापलेलं की हात मागं आला. राजस्थानात असताना आमचा एक जवान असाच कोरडा झाला होता. मला कळलं. म्हातारीला कळलं नव्हतं. ती हलक्या हातानं थोपटतच होती.

मी बाटलीतलं पाणी पोरीच्या अंगावर ओतलं. म्हातारी ओरडली, “आवं, जागी व्हईल की!” मी पोरीला उचललं आणि पळालो. मागून म्हातारी, शेडमधून नीलिमा धावली, ज्ञानूनं टेम्पो काढला. रस्त्यावरच्या डॉक्टरांकडं पोचलो तेव्हा त्यांनी स्टेथोस्कोप लावला, डोळे उघडून बघितले आणि विचारलं, “ताप किती दिवसांपासून होता?”

“ताप नव्हता,” मी म्हणालो.

“ताप असणारच हो,” ते म्हणाले, आणि तेच लिहिलं.

परतताना टेम्पोत मागं आम्ही चौघं. नीलिमा माझ्याकडं बघत नव्हती. लक्ष्मीबाईनं पोरीला पुन्हा मांडीवर घेतलं होतं, आणि आता ती तिला नावानं हाका मारत होती. ठरवून ठेवलेल्या नावानं. “गौतमी. गौतमे. ऊठ माजे बाय, गौतमे.” नीलिमानं ते नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. तिनं सासूच्या तोंडाकडं बघितलं आणि मग तिचा जो आवाज फुटला तो मी इथं लिहू शकत नाही.

त्याच संध्याकाळी दोघी पोरीला घेऊन गावाकडं गेल्या. ज्ञानूनं त्यांना जतपर्यंत सोडलं. मी मात्र मागची भिंत गाठली. स्टोरेजच्या बांधकामातले उरलेले पत्रे तिथंच पडून होते. एक वेल्डर बोलावला. चार पत्रे वाकवून पंख्यांपुढं असे लावले की वारा सरळ वर आभाळात जाईल. दोन तास लागले. दोनच तास. काम झाल्यावर मी खोपटांपुढं उभा राहिलो तर तिथं साधी उन्हाळ्यातली संध्याकाळ होती. मला इतका राग आला की हातातला हातोडा मी भिंतीवर फेकून मारला. कुणावर राग, ते विचारू नका.

मंगळवारी लालासाहेब परतले. ऑफिसात कूलर लावून बसले होते, पुढं आठवड्याचे गोल कागद. त्यांनी मला बोलावलं.

“सयाजी, गुरवारच्या कागदावर हे टेंगूळ कसलं? मागं कारन न्हाई लिवलंस. तपासनीस उद्या येतोय.”

मी पेन घेतलं आणि मागच्या बाजूला लिहिलं, ‘गौतमी आत होती.’

त्यांनी वाचलं. “गौतमी कोन?”

“नीलिमाची पोर.”

“आसं, ते लेकरू व्हय!” ते हसले. “आरं, ते तर वाचलं की. किती घाबारलो हुतो गड्या आपुन.”

“गेली, साहेब. परवा.”

ते ताडकन उठले. खुर्ची मागं पडली. चेहरा पांढराफटक झाला होता, आणि ते सोंग नव्हतं. “गेली? कुटं? आत? पुन्ना आत गेली हुती?”

“आत न्हाई. भाईर. खोपटात. उष्म्यानं.”

“भाईर,” ते म्हणाले. त्यांनी खुर्ची उचलली, सावकाश बसले, उपरण्यानं कपाळ पुसलं. तोंडावरचा घोर उतरताना मी डोळ्यांनी बघितला. “आरारा. वाईट झालं. उन्हाळाच तसला हाय औंदा.” मग कागद माझ्याकडं सरकवून म्हणाले, “हे खोड आन् वीज गेली हुती म्हनून लिव.”

त्यांना शिव्या घालाव्यात असं मला वाटलं. पण टेम्पोत, डॉक्टरांकडून परतताना, म्हातारी नावानं हाका मारत होती तेव्हा, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं होतं ते मला माहीत आहे. बरं झालं, आत नाही गेली. हेच आलं होतं. थंडीनं गेली असती तर मी गुन्हेगार ठरलो असतो. उन्हानं गेली, म्हणून कुणीच ठरलं नाही, आणि ती उष्णता तिच्या दारात नेऊन टाकणारा मीच होतो.

मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘वीज गेली.’ तपासनिसानं ते वाचलं, मान हलवली, माल पास केला. खरं कारण आज लिहितोय.